प्रीमियम की बजेट टायर: किती चालतो ते नंतर, कुठे थांबवतो ते आधी

"महागडे टायर घेतले आणि पंचेचाळीस हजार किलोमीटरमध्येच गोटा झाले. आधीचे स्वस्तातले साठ हजार चालले होते. मग जास्तीचे पैसे कशाचे मोजले?" टायरचा विषय निघाला की हे कुणी ना कुणी बोलतंच, आणि ऐकणारे माना डोलावतात. मला दर वेळी वाटतं, बेरीज बरोबर केलीय, पण वही दुसऱ्याच मालाची उघडलीय. टायर किती चालतो हा एक गुण. टायर गाडीला किती अंतरात थांबवतो हा वेगळा गुण, आणि बरेचदा पहिल्याच्या विरोधात जाणारा. प्रीमियम टायरचे जास्तीचे पैसे मुख्यतः दुसऱ्या गुणासाठी घेतलेले असतात. लोक मात्र हिशेब पहिल्याचा मागत बसतात.

बजेट टायर काय असतो हे सांगायला नको, तो बहुतेकांनी वापरलाय. मापात बसतो, पंक्चर निघतं, कोरड्या रस्त्यावर रोजच्या वेगात काही वेगळं जाणवत नाही. स्वस्त टायर म्हणजे फुटणारच, ही भीतीही मला पटत नाही. भार आणि वेग यांच्या मर्यादा प्रत्येक टायरच्या बाजूवर छापलेल्या असतात. तिथे ८७ व्ही असेल तर ५४५ किलो भार आणि ताशी २४० किलोमीटर वेग, मग टायर कुणाचाही असो. आवाज, खड्ड्यातला मऊपणा, स्टिअरिंगचा हलकेपणा यांत प्रीमियम बहुधा सरस असतो. पण त्यावर वाद घालण्यात वेळ दवडू नये. ज्याला कानाला त्रास होतो त्याने त्यासाठी पैसे मोजावेत, बाकीच्यांनी सोडून द्यावं.

खरी गोम ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यानंतर कळते.

समजा, दोन अगदी सारख्या गाड्या शेजारी शेजारी धावताहेत. रस्ता ओला, वेग ताशी ८०. दोघांनी एकाच क्षणी पूर्ण ताकदीने ब्रेक मारला. पहिली ३६ मीटरवर थांबली, दुसरी ४० मीटरवर. फरक चार मीटरचा, म्हणजे जेमतेम एका गाडीची लांबी. "चार मीटरच ना!" असं म्हणून लोक इथेच विषय संपवतात. आता विचारा, पहिली गाडी जिथे थांबली त्या रेषेवर दुसरीचा वेग किती होता? ताशी सुमारे २५ किलोमीटर.

हे कसं, ते नीट पाहण्यासारखं आहे. ब्रेक दाबलेला असताना गाडीची ऊर्जा प्रत्येक मीटरमागे साधारण सारखीच खर्च होते. चाळीसपैकी छत्तीस मीटर सरले म्हणजे नव्वद टक्के ऊर्जा संपली, दहा टक्के उरली. पण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. त्यामुळे उरलेला वेग दहा टक्के नसतो, दहा टक्क्यांच्या वर्गमुळाइतका असतो, म्हणजे जवळजवळ ३२ टक्के. ८० चे ३२ टक्के, झाले २५. त्या रेषेवर समोरच्या गाडीचा बंपर असेल तर पत्रा चेमटणार. आणि तिथे रस्ता ओलांडणारं माणूस असेल तर त्याचं काय होईल ते लिहायला नको. टायर-टायरमधला फरक दहा टक्क्यांचाच धरला होता. प्रत्यक्ष चाचण्यांमध्ये ओल्या रस्त्यावर उत्तम आणि सुमार टायरमधलं अंतर याहून बरंच मोठं निघतं.

"माझ्या गाडीला एबीएस आहे" हे उत्तर ऐकलं की माझा जीव खालीवर होतो. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, स्टिअरिंग ताब्यात ठेवतं. ग्रिप ते तयार करत नाही. रस्त्याला टेकलेलं असतं ते फक्त रबर, आणि तेही एका चाकाखाली साधारण तळहाताएवढं. एबीएस, स्थिरता राखणारी यंत्रणा, महागडे डिस्क ब्रेक, सगळे त्या चार तळहातांवर अवलंबून.

मग सगळेच जण रबर मऊ आणि चिकट का करत नाहीत? कारण पूर्वापार तीन गोष्टी एकमेकींचे पाय ओढत आल्या आहेत: ओल्यातली पकड, कमी झीज, आणि चाक सहज घरंगळणं, म्हणजेच इंधनाची बचत. एक वाढवली की दुसरी घटते. रबर कडक ठेवलं तर ते झिजत नाही आणि टायर साठ-सत्तर हजार चालतो. पण तेच रबर ओल्या डांबराच्या बारीक खरखरीत खड्यांमध्ये रुतत नाही, वरून सरकतं. स्वस्तात टायर बनवायचा असेल तर या तिघींपैकी गिऱ्हाइकाला दिसेल ती सांभाळावी लागते. गिऱ्हाइकाला दिसतात किलोमीटर.

ही ओढाताण सैल झाली सिलिकामुळे, म्हणजे वाळूत असतो त्याच पदार्थाच्या बारीक भुकटीमुळे. टायर काळा असतो तो काजळीमुळे, आणि रबराला बळ देण्याचं काम मुख्यतः तीच करत असे. मिशेलिनने १९९२ मध्ये काजळीच्या मोठ्या भागाऐवजी सिलिका घातलेला टायर बाजारात आणला. त्यातली खुबी अशी. ताशी ८० वेगाने चाक सेकंदाला बारा-एक वेळा फिरतं, म्हणजे रबराचा एक ठिपका तितक्या वेळा दाबला जातो. हा संथ दाब. इथे रबराने ऊर्जा गिळली तर इंधन जास्त जातं. ब्रेक मारल्यावर मात्र तेच रबर खडीच्या सूक्ष्म टोकांवरून घासतं आणि सेकंदाला हजारो, लाखो वेळा थरथरतं. इथे त्याने ऊर्जा गिळलीच पाहिजे, कारण तीच तर पकड. सिलिका घातलेलं रबर संथ दाबात कमी गिळतं आणि झपाट्याच्या थरथरीत जास्त. पण सिलिका रबरात सहजी मिसळत नाही. तिला रबराशी बांधून ठेवायला सिलेन नावाचं जोडरसायन लागतं, आणि मिसळताना तापमान काटेकोर सांभाळावं लागतं. आज बजेट टायरमध्येही सिलिका असते. पण किती, कसली आणि किती नीट मिसळलेली, यातच बरेचसे पैसे मुरतात.

म्हणूनच टायरमध्ये नख रुतवून "मऊ आहे, चांगला आहे" म्हणणं मला सहन होत नाही. नखाचा दाब हा अगदी संथ दाब. थरथरीत ते रबर कसं वागेल हे बोटाला कधीच कळणार नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो तसं रस्त्यावरही शिकलो. माझ्या आधीच्या गाडीला दीर्घायुषी म्हणून घेतलेले स्वस्त टायर होते. चौथ्या वर्षीही खाचा चांगल्या खोल होत्या आणि मला त्यांचा अभिमान होता. पावसाला नुकती सुरुवात झाली होती, रस्ता काळा आणि चकचकीत. पुढची गाडी अचानक थांबली. मी ब्रेक दाबला, एबीएसमुळे पायाखाली पेडल कटकट करत उडू लागलं, आणि समोरचे लाल दिवे मोठे होत राहिले. वेग कमी होतोय असं वाटतच नव्हतं. बंपर टेकला नाही, पण दोघांमध्ये माणूस उभा राहील एवढीही जागा उरली नव्हती. दुसऱ्या दिवशी खाचांची खोली मोजली तर जवळपास पाच मिलिमीटर भरली. नक्षी जाग्यावर होती. पकड मात्र त्या रबरात नव्हतीच, आणि वर्षांगणिक ते आणखी टणक झालं होतं.

इथेच दुसरा गोंधळ होतो. ओल्या रस्त्याची पकड वेगळी आणि साचलेल्या पाण्यावर टायर तरंगणं वेगळं. पाण्याचा पातळ थर असेल तेव्हा रबराचा दर्जा कामी येतो. पाणी साचलेलं असेल तर ते खाचांमधून बाहेर फेकावं लागतं, आणि तिथे रबर कितीही उंची असलं तरी खाच नसेल तर गाडी पाण्यावर चढते. नव्या टायरच्या खाचा साधारण ७ ते ८ मिलिमीटर असतात. अनेक देशांत कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. खाचेच्या तळाशी जे आडवे उंचवटे दिसतात ते त्याच उंचीचे. मी मात्र तीन मिलिमीटर उरले की टायर बदलतो. साचलेल्या पाण्यात घासलेल्या प्रीमियमपेक्षा नवाकोरा बजेट टायर बरा. कुणाचे तरी वापरलेले "ब्रँडेड" टायर स्वस्तात घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तो सौदा मला मुळीच मान्य नाही.

मग निवडायचं कसं? नावावर जाऊ नका, ओल्या पकडीचा दर्जा बघा. युरोपात नोव्हेंबर २०१२ पासून टायरवर लेबल सक्तीचं आहे. २०२१ पासून त्यात ए ते ई अशा श्रेणी आहेत, आणि ओल्या पकडीचा रकाना वेगळा आहे. अमेरिकेत टायरच्या बाजूवरच ट्रॅक्शनची, म्हणजे पकडीची, श्रेणी छापतात, एए सर्वांत वरची, मग ए, बी, सी. ती सरळ रेषेतल्या ओल्या ब्रेकिंगवर ठरते, वळणावरच्या पकडीबद्दल काही सांगत नाही. शेजारचा ट्रेडवेअरचा आकडा टिकाऊपणाचा. लोक नेमका तोच मोठा बघून टायर उचलतात. शिवाय तो आकडा कंपनी स्वतः ठरवते, त्यामुळे एका कंपनीचा ४०० आणि दुसरीचा ४०० यांची तुलना करू नये.

माझी पसंती विचाराल तर मधली वाट. मोठ्या कंपन्यांची दुसरी नावं असतात: कॉन्टिनेंटलचं बारुम, ब्रिजस्टोनचं फायरस्टोन, हॅन्कूकचं लाउफेन. ओल्या पकडीत वरची श्रेणी असलेला असा टायर कमी पैशांत मिळत असेल तर मी डोळे झाकून घेईन. हायवेवर नेहमी जाणारी, भरलेली, पावसात धावणारी गाडी असेल तर मात्र प्रीमियमच, आणि त्यासाठी अलॉय व्हील किंवा मोठ्या स्पीकरचे पैसे वाचवा. उलट गाडी वर्षाला चार-पाच हजारच चालत असेल तर महाग टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. तिथे बऱ्या श्रेणीचा स्वस्त टायर घेऊन वेळेवर बदलणं शहाणपणाचं. "मी हळूच चालवतो" हे कारण मात्र मी धरत नाही, कारण अचानक आडवं येणारं मूल तुमचा स्वभाव विचारत नाही.

चारही एकदम बदलणं उत्तम. दोनच घ्यायचे असतील तर नवे मागे बसवा, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असली तरी. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ ढकलली जाते आणि पाय उचलला की बहुधा ताब्यात येते. मागची सुटली तर गाडी गर्रकन फिरते, आणि ती सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. बसवायच्या आधी बाजूवर 'डीओटी' अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. प्रीमियम टायर दोन-तीन वर्षं गोदामात पडून असेल तर दुसरा मागा. आणि नवे टायर बसले की पहिले दोन-तीनशे किलोमीटर सबुरीने घ्या. साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या लेपाचा अंश पृष्ठभागावर राहिलेला असतो आणि तो घासून जाईपर्यंत चांगला टायरही ओल्यात थोडा घसरतो.