फाइल उघडायला किती जणांची परवानगी?

मार्च 2025 मध्ये आलेल्या जावा 24 ने, म्हणजे जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्तीने, कोणत्या कोडला काय करू द्यायचे हे तपासणारा सिक्युरिटी मॅनेजर कायमचा बंद केला. त्याच्याबरोबर संगणकशास्त्रातली एक देखणी कल्पनाही निवृत्त झाली.

विंडोज किंवा लिनक्स फाइल उघडताना मुख्यतः पाहते, की वापरणारा कोण आहे. तुम्ही लॉगिन केलेत, की तुमच्या नावाने चालणारा बहुतेक प्रत्येक प्रोग्राम तुमच्या फाइली वाचू शकतो. 1998 मधल्या जावा 1.2 ने वेगळा प्रश्न विचारला: हा कोड आला कुठून? तेव्हा वेबपेजसोबत ॲप्लेट नावाचे परके प्रोग्राम आपल्या संगणकावर येऊन चालत, म्हणून हा प्रश्न.

उत्तर पॉलिसी फाइलमध्ये लिहायचे: अमुक ठिकाणचा, अमुक डिजिटल सहीचा कोड अमुक फाइल वाचू, लिहू, पुसू किंवा चालवू शकतो. फोल्डरच्या नावापुढे /* दिले तर फक्त त्यातल्या फाइली, /- दिले तर उपफोल्डरांसह सारे काही. मनाई लिहायची सोयच नव्हती. जे दिले नाही, ते नाही.

खरी गंमत तपासणीत आहे. प्रोग्राममध्ये एक मेथड (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) दुसरीला बोलावते, दुसरी तिसरीला. ही साखळी म्हणजे कॉल स्टॅक. फाइल मागितली की जावा शेवटच्या मेथडपासून मागे मागे जात प्रत्येकीच्या कोडला ती परवानगी आहे का, हे पाहत असे. एकीलाही नसेल तर नकार. सातबाऱ्यावर जितके सहहिस्सेदार, तितक्या सह्या लागाव्यात तसे. त्यामुळे परक्या कोडला विश्वासू लायब्ररीच्या (इतर प्रोग्रामांनी वापरायच्या तयार कोडच्या) आडून फाइल मिळवता येत नसे.

पण ॲप्लेटला अक्षरे दाखवायला फॉन्टची फाइल लागली तर? तिथे लायब्ररी 'डू-प्रिव्हिलेज्ड' वापरून सांगे, की जबाबदारी माझी. तपासणी मग त्या लायब्ररीपाशी थांबे. तिची स्वतःची परवानगी मात्र लागेच. आणि नवा थ्रेड, म्हणजे त्याच प्रोग्राममध्ये समांतर चालणारे काम, सुरू केला तर त्याचा स्टॅक कोराच असणार, म्हणून जन्मदात्या थ्रेडचा परवानगी-संदर्भ त्याला वारसाने मिळे. ही पळवाटही आधीच बुजवलेली पाहून मला आजही आनंद होतो.

'जावा म्हणजे सुरक्षित' ही जाहिरातबाजी मात्र कधीच खरी नव्हती. ऑगस्ट 2012 मध्ये जावा 7 मधल्या त्रुटींचा फायदा घेऊन ॲप्लेट थेट सिक्युरिटी मॅनेजरच बंद करू लागले. कोणतीही पॉलिसी तिची अंमलबजावणी करणाऱ्या कोडपेक्षा भक्कम नसते.

पुढे ॲप्लेट मागे पडले, सर्व्हरवर पॉलिसी लिहिणारे मोजकेच राहिले आणि जावाच्या हजाराहून जास्त मेथडमध्ये ही तपासणी सांभाळणे जड झाले. 2021 मध्ये जावा 17 ने तिला निवृत्तीच्या यादीत टाकले. आता हे काम कंटेनर (प्रोग्रामला बाकी संगणकापासून वेगळे ठेवणारी चौकट) आणि ऑपरेटिंग सिस्टिमकडे आहे. या यंत्रणा अख्ख्या प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या पूर्ण प्रोग्रामला, परवानगी देतात. एकाच प्रोग्राममधल्या कुठल्या लायब्ररीने फाइल मागितली, हे त्यांना दिसत नाही.