गरीब आरोपीचा वकील : पार्श्वभूमी

पैसे नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, हे आज न्यायालयाच्या आवारात सगळ्यांना ठाऊक आहे. तो वकील कोण असतो, त्याला कागद कधी हातात पडतात आणि तयारीला किती दिवस मिळतात, याची चर्चा मात्र फारशी होत नाही. फौजदारी वकिली हेच समाजकार्य मानून त्यात आयुष्य घालवणाऱ्या वकिलांची एक पिढी आता जिल्ह्याजिल्ह्यांत उभी आहे. त्यांच्या कामाला आजचे रूप कसे आले, ते समजायला थोडे मागे जावे लागते.

फार मागे जायची गरज नाही. आपल्या पसंतीच्या वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २२ ने दिला. पण ज्याला वकील परवडतच नाही त्याचे काय, याचे उत्तर तिथे नव्हते. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उत्तर आरोपीच्या विरोधात दिले : वकील हवा असेल तर आरोपीने तसे सांगावे, स्वतः करावा किंवा नातेवाइकांकरवी करून घ्यावा, दंडाधिकाऱ्याने तेवढी संधी द्यावी, म्हणजे झाले. पुढची वीसेक वर्षे मोफत वकिलाविषयी समित्या नेमल्या गेल्या, अहवाल आले आणि कपाटात गेले. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०४ ने सत्र न्यायालयातल्या खटल्यांपुरते सरकारी खर्चाने वकील देणे बंधनकारक केले. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, राज्याने मोफत कायदेशीर मदत द्यावी असे सांगणारे कलम ३९-क आले. ते मार्गदर्शक तत्त्वांत असल्याने त्याच्या आधारे थेट दाद मागता येत नव्हती.

खरा बदल निकालांतून झाला, आणि त्यातला पहिला मोठा निकाल महाराष्ट्रातल्या एका खटल्यातून आला. आरोपीला सत्र न्यायालयाने नाममात्र शिक्षा दिली होती. उच्च न्यायालयाने ती वाढवून तीन वर्षांची सक्तमजुरी केली. त्या निकालाची प्रत तुरुंग अधीक्षकाकडे पोहोचली, पण कैद्याच्या हाती पडल्याची पोच कुठेच नव्हती. तो सर्वोच्च न्यायालयात पोहोचला तेव्हा चार वर्षे उलटली होती आणि शिक्षाही जवळजवळ भोगून झाली होती. १९७८ च्या त्या निकालात न्यायालयाने सांगितले की कैद्याला निकालाची प्रत वेळेवर आणि विनामूल्य मिळाली पाहिजे, प्रत मिळाल्याची त्याची लेखी पोच घेतली पाहिजे, आणि अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तो राज्याने दिला पाहिजे. मोफत वकिलाच्या इतिहासात पोचपावतीच्या मुद्द्याला मी फार वरचे स्थान देतो. तुरुंगात काम करणाऱ्या कोणालाही विचारा, आजही निम्मी लढाई कागद मिळवण्याचीच असते.

पुढची आठ वर्षे झपाट्याची होती. १९७९ मध्ये बिहारमधल्या कच्च्या, म्हणजे खटला निकाली न निघालेल्या, कैद्यांचे प्रकरण आले. गुन्ह्याला जेवढी कमाल शिक्षा होऊ शकली असती, त्याहून जास्त काळ माणसे खटल्याविना आत होती. मोफत वकील हा कलम २१ खालच्या जगण्याच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, असे तिथे ठरले. लगेच नंतर, भागलपूरमध्ये पोलिसांनी आरोपींचे डोळे फोडल्याच्या प्रकरणात, हा हक्क खटला उभा राहिल्यावर नव्हे तर आरोपीला पहिल्यांदा दंडाधिकाऱ्यासमोर उभे करतात त्या क्षणापासून लागू होतो, हे स्पष्ट झाले. १९८३ मध्ये मुंबईतल्या महिला कैद्यांच्या कोठडीतल्या छळाबद्दल एका पत्रकाराने लिहिलेल्या पत्रावरून आदेश निघाला की अटक होताच पोलिसांनी जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवावे. आणि १९८६ मध्ये, अरुणाचल प्रदेशातल्या एका प्रकरणात, १९५१ ची भूमिका उलटली : आरोपीने वकील मागितला नाही म्हणून त्याचा हक्क जात नाही, न्यायाधीशानेच त्याला सांगायचे असते. ज्याला हक्क आहे हेच माहीत नाही, तो मागणार कसा? वकिलाविना चाललेल्या त्या खटल्यातली शिक्षा रद्द झाली.

विधी सेवा प्राधिकरणांचा कायदा १९८७ चा, पण तो अमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडले. त्याच्या कलम १२ मुळे कोठडीत असलेल्या कोणालाही, तसेच महिला, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता वकील मिळतो. तालुक्यापासून दिल्लीपर्यंत यंत्रणा उभी राहिली. तिचा कणा म्हणजे पॅनेलवरचा वकील.

या पॅनेलबद्दल नीट बोलले पाहिजे, कारण आजचा वाद तिथूनच सुरू होतो. पॅनेल म्हणजे वकिलांची यादी. प्रकरण आले की यादीतल्या एकाला नेमणूकपत्र जायचे. फी ठरावीक आणि तुटपुंजी, तीही प्रकरण संपल्यावर बिल सादर करून, अनेकदा महिनोन्‌महिने वाट पाहून. सनद मिळून दोन-तीन वर्षे झालेला ज्युनियर पॅनेलवर आनंदाने यायचा, कारण उलटतपासणी शिकायची संधी तिथेच मिळे. ज्येष्ठ वकील सहसा फिरकत नसत. काहींनी मात्र वर्षानुवर्षे एक पैसा न मिळवता जन्मठेपेची प्रकरणे चालवली, त्यांचे ऋण मोठे आहे. बाकीच्यांचे काय होई? एकाच दिवशी स्वतःच्या पक्षकाराची आणि पॅनेलच्या आरोपीची तारीख लागली, तर पॅनेलचा आरोपी मागे पडे. काही ठिकाणी मोफत वकिलानेच आरोपीच्या घरच्यांकडून ‘वरखर्च’ मागितल्याच्या तक्रारी येत. कैद्यांचा विश्वास उडाला तो असा. सरकार ज्याला पैसे देते तो आपली बाजू कशाला मांडेल, ही शंका तर सुरुवातीपासूनच होती.

याचे सर्वांत वाईट रूप २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका खटल्यात दिसले. आरोपीसाठी वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि पंधरवडा उलटायच्या आत फाशीची शिक्षा झाली. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितले. फाशी किंवा जन्मठेप होऊ शकते अशा प्रकरणांत न्यायमित्र (न्यायालयाने स्वतः नेमलेला वकील) वा मोफत वकील म्हणून किमान १० वर्षे वकिली केलेलाच नेमावा आणि तयारीला साधारणपणे किमान ७ दिवस द्यावेत, असा दंडक तेव्हा आला. सात दिवस! खुनाच्या खटल्याचे दोषारोपपत्र, पंचनामे, वैद्यकीय अहवाल, मोबाइलचे तपशील वाचायला सात दिवस पुरत नाहीत, हे फौजदारी काम करणारा कोणीही सांगेल. तरी हा किमान आकडा लिहून द्यावा लागला, यातच आधीच्या परिस्थितीची कल्पना येते.

२०१९ मध्येच काही जिल्ह्यांत वेगळा प्रयोग सुरू झाला आणि २०२२ मध्ये सुधारित योजना देशभर नेली गेली : पूर्णवेळ बचाव वकिलांचे कार्यालय. महाराष्ट्रात त्याला लोकअभिरक्षक कार्यालय म्हणतात. मुख्य लोकअभिरक्षकाला फौजदारी कामाचा किमान १० वर्षांचा अनुभव लागतो, उपमुख्याला ७ वर्षांचा. सहायक नवे असतात. मानधन दरमहा, आणि खाजगी वकिली पूर्ण बंद. रिमांड, जामीन, खटला, अपील, सगळे एका छताखाली. सरकार पक्षाकडे कायम अभियोक्ते, त्यांचे कार्यालय आणि मागे पोलिसांचा तपास होता; बचावाकडे प्रथमच स्वतःचे टेबल आणि फायलींचे कपाट आले.

मी या बदलाच्या बाजूने आहे. तरीही विरोधकांचे आक्षेप झटकून टाकण्यासारखे नाहीत. नेमणूक कंत्राटी, सुरुवातीला दोन वर्षांची. पुढे वाढ मिळायची तर काम समाधानकारक हवे. काम तपासणाऱ्या जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात जिल्हा न्यायाधीश. म्हणजे ज्यांच्यासमोर वकिलाने साक्षीदाराची लांबलचक उलटतपासणी घ्यायची, हरकती घ्यायच्या, प्रसंगी कडक युक्तिवाद करायचा, त्यांच्याच हाती त्याची मुदतवाढ. कोणी न्यायाधीश आकसाने वागेल असे मी म्हणत नाही. पण बचावाचा वकील निर्भय राहायचा असेल तर अशी रचना असू नये. दुसरी अडचण एकाच गुन्ह्यातल्या दोन आरोपींची. एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि दोघांचाही बचाव एकाच कार्यालयाकडे! अशा वेळी एकासाठी बाहेरचा वकील नेमणे हाच रास्त मार्ग. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत गंभीर, निकाली काढलेल्या प्रकरणांच्या आकड्यांची. आरोपीने गुन्हा कबूल केला की प्रकरण लगेच निकाली निघते. गुणवत्ता आकड्यांनी मोजली तर कबुलीकडे झुकण्याचा धोका उभा राहतोच. पॅनेलवरच्या ज्युनियरांचे काम गेले, ही तक्रारही खरी आहे. मात्र तेवढ्यासाठी जुनी पद्धत परत आणा, हे मला पटत नाही. न्यायालय ज्युनियरांच्या शिकण्यासाठी नसते, तिथे एका माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते.

या वकिलांवर आणखी एक ओझे असते, ते समाजाच्या रागाचे. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर पकडलेल्या आरोपीचे वकीलपत्र न घेण्याची भूमिका वकिलांच्या संघटनेनेच घेतली होती, आणि न्यायालयाने नेमलेल्या वकिलाच्या घराबाहेर निदर्शने झाली. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव घटनाविरोधी आणि शून्यवत ठरवले. ते प्रकरण कोइम्बतूरचे होते आणि वकिलांनी ज्यांचे वकीलपत्र घेणार नाही म्हटले ते आरोपी पोलीस होते, हे विसरले जाते. या नियमाची गरज कोणालाही पडू शकते. २०१२ मध्ये मुंबई हल्ल्याच्या अपिलात न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांना पुन्हा बजावले की पहिल्या हजेरीलाच आरोपीला वकिलाच्या हक्काची कल्पना द्यावी. पण खटल्याआधीच्या टप्प्यावर वकील नव्हता एवढ्यावरून खटला आपोआप रद्द होत नाही, हेही त्याच निकालात आहे. ही दुसरी ओळ सरकार पक्षाकडून आजही हिरिरीने वाचून दाखवली जाते.

दरम्यान कामाचा मोठा भाग जामिनानंतरच्या धडपडीत जातो. आदेश होतो, जामीनदार मिळत नाही. परगावच्या मजुरासाठी सातबारा, रेशन कार्ड, पगारपत्रक घेऊन कोण उभे राहणार? २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे होते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जामीन मिळून सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. मग विधी स्वयंसेवक घरच्यांना फोन लावतो, वकील जातमुचलक्यावर (जामीनदाराविना, आरोपीच्याच हमीवर) किंवा रोख रकमेवर सोडण्याचा अर्ज देतो, अट शिथिल करून घेतो. वर्तमानपत्रात न येणारे हे काम वस्तीशी संबंध राखून असलेल्या वकिलालाच चांगले जमते, कारण कोणाचा मामा कुठे राहतो ते त्याला माहीत असते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४१ ने सत्र न्यायालयाची जुनी मर्यादा काढली. आता कोणत्याही न्यायालयातल्या खटल्यात आणि अपिलातही सरकारी खर्चाने वकील द्यावा लागतो. पोलीस ठाण्यातले तास मात्र अजून मोकळेच आहेत. चौकशीदरम्यान वकिलाला भेटता येते, पण संपूर्ण चौकशीभर त्याला सोबत बसता येत नाही, ही तरतूद नव्या संहितेतही कायम आहे. अटक झाल्यापासून दंडाधिकाऱ्यासमोर उभे करीपर्यंतच्या २४ तासांत लोकअभिरक्षकाला कळवायचे कोणी आणि रात्री तिथे जायचे कोणी, हे बहुतेक ठिकाणी अजून ठरलेले नाही.