एकच कान गच्च वाटतोय? यंत्र घेण्याआधी नाकाची मागची बाजू तपासून घ्या

श्रवणयंत्र घ्यायला आलेल्या एखाद्या ग्राहकाला आम्ही यंत्र न देता आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवतो. एका कानाच्या दड्यामागे कधीकधी नाकामागच्या पोकळीतला कॅन्सर असतो. असे का, ते या पत्रकात सांगितले आहे.

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत वर्षानुवर्षे काम करून ऐकू कमी येऊ लागले, तर ते बहुधा दोन्ही कानांना येते आणि श्रवण आलेखात ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. वयोमानाचा बहिरेपणाही दोन्हीकडे जवळपास सारखाच असतो. पंचगंगेत पोहून आल्यावर एक कान बंद झाला, तर बहुतेक वेळा आतला मळ फुगलेला असतो. तो काढला की काम झाले. पण मळ नाही, सर्दी जाऊन तीन-चार आठवडे झाले, तरी मोठ्या माणसाच्या एकाच कानात दडा बसलेला आहे आणि पडद्यामागे पाणी आहे, हे चित्र वेगळे. आमच्या टिंपॅनोमेट्रीत, म्हणजे कानाच्या पडद्याची हालचाल मोजणाऱ्या चाचणीत, अशा वेळी उंचवटा येत नाही, सपाट रेघ येते. कानामागच्या हाडातून दिलेला आवाज नीट ऐकू येतो, हवेतून आलेला मात्र कमी. लहान मुलांत हे नेहमीचे असते, मोठ्या माणसात त्याचे कारण शोधावेच लागते. बहुतेकांत ते साधेच निघते. थोड्यांच्या बाबतीत नाकामागच्या पोकळीत कॅन्सरची गाठ सापडते.

ही पोकळी नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर आणि कवटीच्या तळाखाली असते. तोंड उघडून, आरशासमोर उभे राहून ती दिसत नाही. तिच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींवर कानातून येणाऱ्या युस्टेशियन नळीचे तोंड असते. मोठ्या माणसात ही नळी सुमारे ३.५ सेंटिमीटर लांब असते. गिळताना किंवा जांभई देताना ती उघडते आणि कानात हवा जाते. नळीच्या तोंडामागे एक खोलगट कोपरा आहे, त्याला रोझेनम्युलरची खाच म्हणतात. हा कॅन्सर बहुतेक वेळा तिथेच सुरू होतो. गाठीने नळी दाबली किंवा नळी उघडणारा स्नायू पकडला, की कानातली हवा शोषली जाते, पडदा आत ओढला जातो आणि मागे पाणी भरते. म्हणून रोग नाकामागे असतो आणि तक्रार कानाची असते. या अवस्थेत यंत्र लावले तर आवाज वाढतो, ऐकू येऊ लागते आणि रोग मात्र मागे वाढत राहतो. आम्हाला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

कानाआधीही अनेकांना मानेतली गाठ जाणवते. ती कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोनामागे असते, किंवा मानेच्या मागच्या बाजूला. ती न दुखणारी, टणक असते आणि पुष्कळदा दोन्हीकडे येते. या भागातून लसिका (शरीरातला पातळ द्रव) आधी घशामागच्या आणि मग मानेतल्या गाठींकडे जाते, त्यामुळे मूळ गाठ लहान असतानाही मान सुजते. आपल्याकडे मानेची गाठ म्हणजे टीबी असे लगेच धरले जाते. टीबीही खरोखरच असतो, पण सुईने नमुना घेतल्याशिवाय औषधे सुरू करू नयेत.

नाकाच्या तक्रारी साध्या वाटतात. एक नाकपुडी चोंदते, सकाळी खाकरल्यावर रक्ताची रेघ येते, मधूनमधून घोळणा फुटतो. गाठ वर कवटीच्या तळाकडे सरकली की नसा दाबल्या जातात. डोळा बाहेर वळवणारी सहावी नस गेली की एकाच्या दोन वस्तू दिसतात. पाचवी दाबली गेली की गाल बधिर होतो किंवा चेहरा ठणकतो. मानेकडच्या शेवटच्या नसा अडकल्या तर आवाज घोगरा होतो, गिळताना ठसका लागतो, जीभ एका बाजूला वळते. दूरवर पसरताना हा रोग बहुधा हाडे, फुप्फुसे आणि यकृतात जातो.

आपल्या भागात हा कॅन्सर विरळा आहे; भारतात नागालँड, मणिपूर, मिझोराममध्ये जास्त आढळतो. त्यात एपस्टीन-बार विषाणूचा मोठा वाटा असतो. पुरुषांना स्त्रियांच्या दुप्पट-तिप्पट होतो आणि कुमारवयातही दिसतो. मात्र कुमारवयीन मुलाचे नाक बंद असून वारंवार भळभळ रक्त येत असेल, तर ती रक्तवाहिन्यांची वेगळी गाठ असू शकते. तिचा तुकडा काढणे धोक्याचे असते, म्हणून आधी स्कॅन.

तज्ज्ञांकडे दुर्बीण-तपासणी पाच-दहा मिनिटांची असते. बसूनच, नाक बधिर करून. दोन्ही नाकपुड्यांतून पाहायला सांगा. वरून आतली त्वचा साफ दिसली तरी गाठ तिच्याखाली असू शकते, म्हणून शंका राहिली तर एमआरआय करतात. निदान पक्के होते ते तुकडा तपासूनच. ऑपरेशन हा इथे पहिला उपाय नव्हे, कारण जागा खोल आणि मोठ्या रक्तवाहिनीला लागून आहे. मुख्य उपचार किरणांचा (रेडिएशनचा), साधारण सात आठवडे, रोग पुढे गेला असल्यास सोबत केमो. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात करता येते.

किरणांआधी दात दाखवून घ्या, लाळ कमी झाल्यावर ते लवकर किडतात. सिस्प्लॅटिन हे केमोचे औषध द्यायचे असेल तर पहिल्या डोसआधी श्रवण आलेख काढून ठेवा. हे औषध आधी उंच पट्टीचे आवाज घालवते आणि जुना आलेख नसेल तर किती गेले ते कळत नाही. किरणांनंतर कानात पाणी राहिले तर ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी) घालण्याची घाई नको, कान वाहत राहण्याची शक्यता असते. अशा कानात श्रवणयंत्राचा साचा घट्ट बसवायचा नसतो. आम्ही हवा खेळती राहील असा साचा किंवा हाडातून आवाज पोहोचवणारे यंत्र सुचवतो. येताना जुने आलेख, स्कॅन आणि सुटीचा कागद सोबत आणा.