पाच गाड्या पुढे, तीन मागे : अबू धाबी २०२१ ची पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबागेत चहाला जमलेल्या पोरांत फॉर्म्युला वनचा विषय निघाला, की फिरून फिरून तो १२ डिसेंबर २०२१ च्या अबू धाबीवर येतो. ब्रिटिश ड्रायव्हरचं आठवं विजेतेपद हिसकावून घेतलं म्हणणारे एका बाजूला. डच ड्रायव्हरने वर्षभर कमावलं तेच शेवटी पदरात पडलं म्हणणारे दुसऱ्या बाजूला. वाद सगळा शेवटच्या फेरीचा. तिच्यात डच ड्रायव्हर ब्रिटिश ड्रायव्हरच्या पुढे गेला आणि किताब त्याचा झाला. ती फेरी घेतलीच का गेली हे समजून घ्यायचं, तर या खेळात पैसा कुठून येतो आणि कशावर वाढतो, तिथून सुरुवात करावी लागते.

१९६८ पर्यंत गाड्या देशाच्या रंगात धावत. त्या वर्षी नियम सैल झाला आणि मे महिन्यात स्पेनमधल्या हारामाच्या शर्यतीत एक ब्रिटिश टीम हिरवा रंग सोडून सिगारेटच्या पाकिटाच्या रंगात उतरली. पुढची पस्तीसेक वर्षं तंबाखूचा पैसा हाच या खेळाचा कणा होता. १९७६ चं विजेतेपद फुजीच्या पावसात एका गुणाने ठरलं, आणि तेव्हा टीव्हीवाल्यांना कळलं की लोक यंत्रांपेक्षा माणसांची भांडणं जास्त बघतात. जपानमधल्या सुझुकाला १९८९ आणि १९९० मध्ये किताबाच्या दोन दावेदारांत झालेल्या धडका सगळ्यांना पाठ आहेत. १९९७ ची स्पेनमधल्या हेरेझची शर्यत तेवढी लोक विसरतात. तिथे धडक मारणाऱ्या जर्मन ड्रायव्हरचं वर्षाच्या क्रमवारीतलं दुसरं स्थान काढून घेतलं, पण त्याच वर्षी जिंकलेल्या शर्यती मात्र त्याच्या नावावर राहिल्या. शिक्षा झाली असं दिसावं आणि हिशेब फारसा हलू नये, ही सवय या खेळाला तेव्हापासूनची.

खरी गाठ बसली २००१ मध्ये. बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या युरोपच्या नियंत्रकांनी आग्रह धरला, की नियम करणारा आणि धंदा करणारा एकच नको. मग नियामक संस्थेने व्यापारी हक्क शंभर वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. मुदत २०११ ते २११०, मोबदला साधारण ३६ कोटी डॉलर. ते हक्क हात बदलत गेले. २०१७ च्या जानेवारीत एका अमेरिकन माध्यम कंपनीने खरेदी पुरी केली, तेव्हा सगळ्या धंद्याची किंमत धरली गेली सुमारे ८ अब्ज डॉलर. शंभर वर्षांचा हक्क किती स्वस्तात गेला होता, ते या दोन आकड्यांवरून दिसतं. भाडेपट्ट्याने कागदावर दोन खाती वेगळी झाली खरी. पण शर्यत रंगली नाही तर प्रक्षेपणाचा भाव पडतो, भाव पडला की टीमांना वाटली जाणारी रक्कम घटते, आणि त्याच टीमा नियमांच्या बैठकीत बसतात.

नव्या मालकांनी माणसं विकायला काढली. २०१९ पासून ओटीटीवर ड्रायव्हरांच्या पडद्यामागच्या आयुष्याची मालिका आली. अमेरिकेत प्रेक्षक वाढला आणि आपल्याकडेही खानापूर-चिकोडीतल्या, आधी कधी शर्यत न पाहिलेल्या पोरांना ड्रायव्हरांची नावं कळली. डच ड्रायव्हर काही काळ या मालिकेपासून लांब राहिला. त्याची तक्रार अशी, की त्यात नसलेली वैरं रंगवली जातात. तक्रारीत तथ्य होतं. एका शर्यतीतलं रेडिओवरचं बोलणं दुसऱ्या शर्यतीच्या दृश्यावर चढवलं, की शांत माणूसही भांडखोर दिसतो.

इथे पैशाची एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. व्यापारी हक्कांतून टीमला मिळणारा वाटा टीमांच्या क्रमवारीवर ठरतो. ड्रायव्हर विश्वविजेता झाला म्हणून त्या तिजोरीतून जादा रक्कम येत नाही. ती येते प्रायोजकांकडून आणि गाडी खपवणाऱ्या कंपनीच्या जाहिरातीतून. उलट ड्रायव्हरला प्रत्येक गुण महागात पडतो. पुढच्या वर्षीच्या सुपर लायसन्सची (फॉर्म्युला वनमध्ये गाडी चालवायच्या परवान्याची) फी आदल्या वर्षीच्या गुणांवर आकारतात. २०२१ च्या गुणांवर मूळ फी साधारण १०,४०० युरो आणि वर गुणामागे २,१०० युरो होती. डच ड्रायव्हरच्या वर्षअखेरच्या ३९५.५ गुणांचा हिशेब केला तर ८ लाख ४० हजार युरोंच्या आसपास जातो.

२०२१ पासूनच खर्चाला कमाल मर्यादा आली. पहिल्या वर्षी १४.५ कोटी डॉलर, मग १४, मग १३.५. मर्यादेत गाडीचा खर्च येतो. ड्रायव्हरचा पगार, सर्वाधिक पगाराची तीन माणसं आणि मार्केटिंग बाहेर. म्हणजे सुट्या भागांवर ओतायचा पैसा अडला आणि चेहऱ्यावर ओतायचा मोकळा राहिला. ड्रायव्हरांभोवतीचा गाजावाजा या वर्षांत वाढला, त्यामागे हे कारण कमी लेखू नये.

आता ते वर्ष. जुलैत सिल्वरस्टोनच्या पहिल्याच फेरीत दोघांची धडक झाली. डच ड्रायव्हरला ५१ जीचा (गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट) झटका बसला, ब्रिटिश ड्रायव्हरला १० सेकंदांचा दंड झाला आणि तरी शर्यत तोच जिंकला. सप्टेंबरात मोंझाला एकाची गाडी दुसऱ्याच्या डोक्यावर चढली, हेलोमुळे (डोक्यावरच्या संरक्षक कड्यामुळे) जीव वाचला. त्याआधी ऑगस्टच्या शेवटी स्पाला पावसात सेफ्टी कारमागे (धोक्याच्या वेळी सगळ्यांना रांगेत हळू नेणारी गाडी) जेमतेम फिरून निकाल लावला आणि अर्धे गुण वाटले. तिकिटं विकली गेली होती, प्रक्षेपणाची वेळ ठरलेली होती. त्या अर्ध्या गुणांमुळेच दोघे शेवटच्या शर्यतीला ३६९.५ अशा अपूर्णांकी बरोबरीवर आले. जिंकलेल्या शर्यती डच ड्रायव्हरच्या ९, ब्रिटिश ड्रायव्हरच्या ८. त्यामुळे दोघेही बाद झाले असते तर किताब डच ड्रायव्हरचा.

शर्यत ५८ फेऱ्यांची. ब्रिटिश ड्रायव्हरने १४ व्या फेरीला हार्ड (टिकाऊ, पण कमी पकडीचे) टायर चढवले आणि तेच शेवटपर्यंत ठेवले. ५३ व्या फेरीत मागची एक गाडी भिंतीला धडकली तेव्हा त्याच्याकडे सुमारे १२ सेकंदांची आघाडी होती. सेफ्टी कार आली. पुढच्याला टायर बदलायला पिटमध्ये जाणं परवडत नव्हतं, कारण तो आत गेला असता तर दुसरा बाहेर राहून पुढे निघाला असता. दुसऱ्याला मात्र गमावण्यासारखं काही नव्हतं. तिसरा लांब होता. म्हणून डच ड्रायव्हर आत गेला, नवे सॉफ्ट (जास्त पकडीचे) टायर चढवून दुसराच राहिला. फक्त दोघांमध्ये एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या आल्या. तशा मागे पडलेल्या एकूण आठ गाड्या ट्रॅकवर होत्या.

जुन्या टायरचं दुखणं नुसतं झिजेचं नसतं. रबराचा थर पातळ झाला की उष्णता धरून ठेवायला वस्तुमानच उरत नाही. सेफ्टी कारच्या वेगाने चार फेऱ्या फिरलं की हार्ड टायर गार पडतो, हवेचा दाब उतरतो आणि पहिल्या दोन-तीन वळणांत पकड येत नाही. ४४ फेऱ्या चाललेला हार्ड विरुद्ध कोरा सॉफ्ट ही लढत सुरू होण्याआधीच संपलेली असते. पाचव्या वळणावर नेमकं तेच झालं.

शर्यत संचालकापुढे तीन वाटा होत्या. पहिली, मागे पडलेल्या गाड्यांना आहे तिथेच ठेवून शर्यत पुन्हा सुरू करायची. मग डच ड्रायव्हरला एका फेरीत आधी पाच गाड्या ओलांडाव्या लागल्या असत्या. दुसरी, आठही गाड्यांना सेफ्टी कार ओलांडून पुढे सोडायचं. त्या काळच्या कलम ४८.१२ प्रमाणे शेवटची मागे पडलेली गाडी पुढे गेल्यावर सेफ्टी कार ‘त्यानंतरच्या फेरीच्या’ शेवटी आत जाते. ती फेरी म्हणजे ५८ वी, आणि शर्यत सेफ्टी कारमागेच संपली असती. तिसरी, अपघात होताच लाल बावटा दाखवून सगळ्यांना थांबवायचं. मग दोघांनीही टायर बदलले असते आणि लढत बरोबरीची झाली असती. आधी घोषणा झाली ती पहिल्या वाटेची. मग दोन्ही टीमांचे प्रमुख रेडिओवरून कानाशी लागले, आणि चौथीच वाट निघाली. मधल्या फक्त पाच गाड्या पुढे, उरलेल्या तीन जागच्या जागी, आणि सेफ्टी कार त्याच फेरीत आत. तिसऱ्या क्रमांकाच्या गाडीपुढे मागे पडलेल्या गाड्या तशाच राहिल्या. त्याला हल्ला करायची संधीच मिळाली नाही. त्याची बाजू कोणी घेत नाही, कारण त्याचं नाव किताबाच्या कथेत नव्हतं.

ब्रिटिश ड्रायव्हरच्या टीमने तक्रार केली. पंचांनी ती फेटाळताना दोन टेकू घेतले. सेफ्टी कार आत येतेय असा संदेश दिला की ४८.१३ प्रमाणे ती आलीच पाहिजे, हा एक. कलम १५.३ प्रमाणे सेफ्टी कारच्या वापरावर संचालकाचा अधिकार सर्वोच्च आहे, हा दुसरा. आपल्याकडे जत्रेतल्या रिकामा गाडा पळवण्याच्या शर्यतीच्या पत्रकावर तळाला छापलेलं असतं, ‘पंच कमिटीचा निर्णय अंतिम राहील’. तसंच हे. पण गावची कमिटीसुद्धा त्या ओळीच्या जोरावर काही गाड्यांना सोडून काहींना अडवत नाही. अडवलं तर पुढच्या वर्षी बैल घेऊन कोणी येत नाही. निकालपत्रात आणखी एक वाक्य आहे, आणि सगळ्या प्रकरणाचा जीव त्यात आहे. शक्यतो शर्यत हिरव्या बावट्याखाली, म्हणजे गाड्या मोकळ्या धावत असताना, संपावी यावर सगळ्या टीमांचं आधीपासून एकमत होतं. नियमावलीत न लिहिलेली अपेक्षा लिहिलेल्या कलमावर भारी पडली.

पराभूत टीमने अपील १६ डिसेंबरला सोडून दिलं. योगायोग असा, की त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात बैलगाडा शर्यतींना सशर्त परवानगी दिली. कर्नाटकात कायदा बदलून आधीच वाट काढलेली होती, त्यामुळे सीमाभागातल्या शर्यतवाल्यांच्या गप्पांत त्या आठवड्यात अबू धाबी दुसऱ्या क्रमांकावर होतं.

फेब्रुवारी २०२२ मध्ये संचालक बदलला. १९ मार्चच्या अहवालात चूक मान्य झाली, ती ‘मानवी’ म्हणून, आणि निकाल कायम राहिला. मागे पडलेल्या गाड्या ओळखण्याचं काम तोवर माणसं हाताने करत होती, ते सॉफ्टवेअरकडे गेलं. टीमप्रमुखांचा संचालकाशी थेट रेडिओ बंद झाला. मागे पडलेल्या गाड्यांच्या कलमात ‘कोणत्याही’ अशा अर्थाचा जो शब्द होता, तिथे ‘सर्व’ आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये विजेत्या टीमने २०२१ ची खर्चमर्यादा १८ लाख पौंडांहून थोडी जास्त ओलांडल्याचं जाहीर झालं. जेवणखाणापासून कर्मचाऱ्यांवरच्या देण्यांपर्यंत अनेक बाबी चुकीच्या दाखवल्या होत्या. करसवलत नीट लावली असती तर जादा खर्च साडेचार लाखांच्या आतच राहिला असता. दंड ७० लाख डॉलर, आणि वर्षभराच्या वायुगतिकी चाचण्यांत १० टक्के कपात. इथेही १९९७ चीच रीत. किताबाला हात लागला नाही.

नवा नियम कसा चालतो याची परीक्षा मोंझाला ११ सप्टेंबर २०२२ ला झाली. शेवटच्या फेऱ्यांत एक गाडी बंद पडली, नियम तंतोतंत पाळला, शर्यत सेफ्टी कारमागे संपली आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. तिकीट काढणाऱ्याला नियम नको असतो, शेवट हवा असतो. २ एप्रिल २०२३ ला मेलबर्नला मग उलट टोक गाठलं. तीन वेळा लाल बावटा, दोन फेऱ्या उरलेल्या असताना गाड्या जागेवर उभ्या करून पुन्हा सुरुवात, पहिल्याच वळणांत गाड्यांचा चुराडा, आणि शेवटी पुन्हा सेफ्टी कारमागे मिरवणूक.

बाजार ड्रायव्हरच्या नावावर किती हलतो हे १ फेब्रुवारी २०२४ ला दिसलं. ब्रिटिश ड्रायव्हर इटालियन टीमकडे जाणार हे जाहीर झालं आणि त्या कंपनीच्या शेअरने उसळी घेतली. मात्र कंपनीचे वार्षिक निकालही त्याच दिवशी आले होते, तेव्हा सगळी उसळी एकाच माणसाच्या खात्यावर मांडू नये. आपल्याकडचा प्रेक्षक या बाजारात छोटा गिऱ्हाईक. ग्रेटर नोएडाची शर्यत २०११ ते २०१३ अशी तीनच वर्षं झाली आणि कराच्या वादात अडकली. २०२३ पासून केबलवरचं प्रक्षेपण बंद झालं आणि मोबाइलवर वेगळे पैसे मोजणं आलं.

कोल्हापूरच्या कार्टिंग ट्रॅकवर जाणाऱ्या इकडच्या मुलांनी एक ध्यानात ठेवावं. कार्टिंगमध्ये सेफ्टी कार नसते. पिवळा बावटा आणि ‘स्लो’ पाटी दिसली की पुढच्या कार्टमागे रांग धरायची, ओव्हरटेक बंद, आणि रेषेवर हिरवा दिसेपर्यंत तसंच राहायचं. रांगेतच चौकटीचा बावटा पडला तर तोच निकाल. मागे पडलेल्या कार्टना पुढे सोडतात की नाही, हे त्या दिवशीच्या पूरक नियमांत शोधायचं आणि सापडलं नाही तर ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर विचारून घ्यायचं. शर्यत संपल्यावर विचारलं तर उत्तर पत्रकाच्या शेवटच्या ओळीतलंच मिळतं.