अमेरिकन स्टर्लिंग चांदी व तिच्यावरील निर्मातामुद्रा

हजार भागांत ९२५ भाग शुद्ध चांदी आणि उरलेले बहुधा तांबे, अशा मिश्रधातूची अमेरिकेत घडवलेली भांडी, चमचे-काटे व शोभेच्या वस्तू. आपल्याकडचा सराफ हिला ‘साडेब्याण्णव टंच’ म्हणेल. इंग्लंडमध्ये १३०० च्या कायद्यापासून मालाचा कस तपासून त्यावर बिबट्याच्या मुखाचा शिक्का मारण्याची पद्धत सुरू झाली. अमेरिकेत एक अल्पजीवी अपवाद वगळता अशी तपासणी कधीच नव्हती. त्यामुळे तेथील वस्तूवरची मुद्रा ही त्रयस्थाची साक्ष नसून घडवणाऱ्याने स्वतः दिलेला शब्द आहे. या चिन्हांचा अभ्यास वस्तुतः कारखान्यांच्या इतिहासाचा अभ्यास ठरतो तो यामुळेच.

‘स्टर्लिंग’ या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. पूर्वेकडून इंग्लंडमध्ये आलेल्या जर्मन व्यापाऱ्यांच्या ‘ईस्टर्लिंग’ या नावावरून तो आला, हे मत मध्ययुगापासून चालत आले आहे. मात्र व्यापाऱ्यांच्या त्या नावापेक्षा शब्दच जुना दिसतो, ही त्यातील मोठी अडचण. काही नॉर्मन पेनींवर, म्हणजे नॉर्मन राजांच्या चांदीच्या नाण्यांवर, तारा असे. त्यावरून ‘छोटा तारा’ असा अर्थ लावणारे दुसरे मत बरेच दिवस प्रमाण मानले गेले, पण तारा असलेली नाणी एकूण नाण्यांत थोडीच आहेत. अकराव्या शतकातील इंग्लिश राजा एडवर्ड द कन्फेसर याच्या पेनींवरील चार पक्ष्यांशी (इंग्रजीत ‘स्टार्लिंग’) सांगड घालणारे तिसरे मत आज फारसे कोणी धरत नाही. ‘भक्कम, स्थिर’ अशा अर्थाच्या मूळ शब्दापासून, म्हणजे वजनाकसाने पक्के नाणे या अर्थाने, शब्द घडला असावा हे नाणेतज्ज्ञ फिलिप ग्रिअर्सन यांचे मत अधिक पटण्याजोगे वाटते. आयर्लंडमधील कॉर्क येथे तपासणी कार्यालय नव्हते, म्हणून तेथील सोनार हा शब्दच वस्तूवर ठोकत. अमेरिकेतील प्रथेची मुळे तेथे असणे संभवते.

बॉस्टनचे जॉन हल व रॉबर्ट सँडरसन यांनी १६५२ मध्ये टांकसाळ उभारली. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागात, घडलेल्या चांदीच्या सर्वांत जुन्या उपलब्ध वस्तूंत त्यांच्या पेल्यांची गणना होते. गिऱ्हाइकाने नाणी आणून द्यावीत आणि सोनाराने ती आटवून भांडे घडवावे, असा तेव्हाचा व्यवहार होता. घरातली चांदी हीच शिल्लक असे. भांड्यावर त्रिकोणात कोरलेली तीन अक्षरे दिसली, तर वरचे आडनावाचे, खालचे डावे नवऱ्याचे आणि उजवे बायकोचे. ही अक्षरे मालकाची. निर्मात्याची मुद्रा वेगळी. चोरी झाली, तर याच अक्षरांवरून भांडे ओळखता येई. बॉस्टनचा सोनार पॉल रिव्हिअर याने १७६८ मध्ये घडवलेला ‘सन्स ऑफ लिबर्टी’ वाडगा आज बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. आयताकृती चौकटीत आडनाव ही त्याची नेहमीची मुद्रा.

वर उल्लेखिलेला अपवाद बॉल्टिमोरचा. मेरीलँडच्या १८१४ च्या कायद्याने तेथे तपासनीस नेमला गेला. कस बारा औंसांत अकरा औंस, म्हणजे हजारी सुमारे ९१७. ढालीवरील राजचिन्ह, स्वातंत्र्यदेवतेचे मुख आणि एक अक्षर असे ठसे मारले जात. हे अक्षर इंग्लिश रीतीने ओळीने पुढे जात नाही. ते त्या वर्षीचे रविवारदर्शक अक्षर आहे, म्हणजे १ जानेवारीला ए, २ ला बी असे मोजत गेल्यास पहिल्या रविवारी येणारे अक्षर : १८१४ ला बी, १८१५ ला ए, १८१७ ला ई. रविवारांचे चक्र फिरून येत असल्याने बी हे अक्षर १८२५ लाही लागू पडते. तेव्हा केवळ अक्षरावरून साल ठरवू नये, कारागिराच्या हयातीशी ताडून पाहावे. १८३० मध्ये सक्ती उठली. त्यानंतर कारागीर स्वतःच ‘११’ किंवा ‘१०.१५’ असे आकडे ठोकू लागले. दुसऱ्याचा अर्थ बारा औंसांत दहा औंस पंधरा पेनीवेट (वीस पेनीवेटचा एक औंस), म्हणजे हजारी सुमारे ८९६.

इतरत्र ‘कॉइन’, ‘प्युअर कॉइन’, ‘डॉलर’ हे शब्द रूढ होते. १८३७ च्या कायद्याने नाण्याचा कस ९०० ठरला. पण तपासणीच नसल्याने वस्तूंचा कस मागेपुढे सापडतो. इंग्लिश शिक्क्यांसारखे दिसणारे सिंह, मुखे व अक्षरे ठोकण्याची चालही याच काळातली.

न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने १८५१ च्या सुमारास स्टर्लिंगचा कस स्वीकारला. ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्सच्या गोरॅम कंपनीने १८६८ मध्ये. १८५९ मध्ये नेव्हाडात कॉमस्टॉकची खाण लागल्यावर चांदीचा पुरवठा अतोनात वाढला, तोही या बदलाला पोषक ठरला असावा. सिंह, जहाजाचा नांगर आणि जी हे गोरॅमचे त्रिचिन्ह स्टर्लिंगच्या आधीपासूनचे आहे. म्हणून त्याच्याजोडीला ‘स्टर्लिंग’ शब्द नसेल, तर वस्तू बहुधा नाण्याच्या कसाची समजावी. नांगर हे ऱ्होड आयलंडचे बोधचिन्ह. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या शिक्क्यातही नांगरच असल्याने गफलत होते. गोरॅमने १८६८ ते १८८४ पर्यंत ए ते क्यू ही वर्षाक्षरे आणि १८८५ ते १९३३ पर्यंत चित्रे वापरली. तिच्या ‘मार्तले’ या हातठोकीच्या मालाचा कस ९५० पर्यंत चढवलेला असे. टिफनीच्या मुद्रेत प्रमुखाचे आद्याक्षर येते : एडवर्ड मूरचा एम १८९१ पर्यंत, मग टी, १९०२ ते १९०७ सी आणि पुन्हा एम. येथेही एकच अक्षर दोन काळांचे.

बॉल्टिमोरची सॅम्युएल कर्क पेढी उठावाच्या फुलांच्या कामासाठी, तर टाँटनची रीड अँड बार्टन १९०७ च्या ‘फ्रान्सिस द फर्स्ट’ या नमुन्यासाठी ख्यातनाम. कनेक्टिकटमधील अनेक कारखाने १८९८ मध्ये ‘इंटरनॅशनल सिल्व्हर’ या एका कंपनीत एकवटले.

१९०६ च्या संघराज्य कायद्याने ‘स्टर्लिंग’ शब्दाला ९२५ चा कस बांधून दिला. हजारी चार भागांची सूट ठेवली. डाकासह (सांधे जोडणाऱ्या धातूसह) पूर्ण वस्तू आटवली, तर दहा भागांची. कसाचा शिक्का मारणाऱ्याने आपली व्यापारमुद्राही ठोकलीच पाहिजे, ही अट मात्र १९६१ च्या दुरुस्तीने आली. त्याआधीच्या कित्येक वस्तूंवर ‘स्टर्लिंग’ एवढा एकच शब्द आढळतो.

मेणबत्तीदाणीच्या तळाशी ‘स्टर्लिंग’सोबत ‘वेटेड’ असे असेल, तर वरचा पातळ पत्रा तेवढा चांदीचा. आत सिमेंट किंवा डांबरासारखा भराव असतो. ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ ही मुद्रा तर स्टर्लिंगची नव्हेच. तो मुलाम्याचा माल. त्यातील आकडा रॉजर्स बंधूंनी विद्युत्‌मुलामा सुरू केल्याच्या सालाचा आहे, हातातल्या चमच्याच्या घडणीचा नव्हे.