सारसाचे सख्खे कोण?

जानेवारीत एका दैनिकाच्या जिल्हा पानावर तीन कॉलमी फोटो आला होता. वर मथळा होता, ‘सायबेरियन सारसांचे आगमन’. तलावाच्या गाळपेरीवर उभे पंधरा-वीस पक्षी, अंग राखी, मान काळी, डोळ्यामागे पांढऱ्या पिसांचा झुबका. हे कांड्या करकोचे. मंगोलिया-कझाकस्तानकडच्या गवताळ प्रदेशातून हिमालय ओलांडून ते आपल्याकडे हिवाळा काढायला येतात. ते सारस नव्हेत, आणि सायबेरियन क्रौंच तर मुळीच नव्हेत. सायबेरियन क्रौंच पांढराशुभ्र असतो, तोंड लाल, पंखांची टोकं काळी. तो राजस्थानात भरतपूरला येत असे, पण २००१-०२ च्या हिवाळ्यानंतर तिथेही आला नाही. तरीही दर हिवाळ्यात आपल्या वर्तमानपत्रांत तो उतरतोच. परदेशातून आला की तो पक्षी ‘सायबेरियन’, असा आपल्याकडे समज आहे.

तो कागद घेऊन आमच्या गावातला एक धान उत्पादक शेतकरी माझ्याकडे आला. त्याच्या बांधीत दर पावसाळ्यात सारसाची जोडी घरटं करते, त्यामुळे त्याला हे पक्षी घरचेच. त्याने विचारलं, “सर, आमचे सारस आन् हे, एकाच घरातले हायेत काय जी?”

मी शाळेत विज्ञान शिकवतो. इतका नेमका प्रश्न मला वर्गातही क्वचित येतो. घराणं एक, पण भावकी वेगळी, असं त्याला सांगितलं. ते कशावरून कळतं, ते इथे सविस्तर लिहितो.

सारस आणि करकोचा दोघंही क्रौंच म्हणजे इंग्रजीतल्या ‘क्रेन’ कुळातले. या कुळात आज जगात एकूण १५ जाती आहेत. लिनिअसने १७५८ मध्ये सारसाला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा त्याला ‘आर्डिया’ या वंशात टाकलं, म्हणजे चक्क बगळ्यांत! लांब पाय, लांब मान, लांब चोच एवढं पाहिलं की कुणाचाही हाच घोळ होतो. पण बगळा उडताना मान दुमडून घेतो, सारस ताणून धरतो. बगळा झाडावर बसतो. सारसाच्या पायाचं मागचं बोट आखूड आणि वर चढलेलं असल्याने त्याला फांदी पकडताच येत नाही. म्हणून तो झाडावर घर न करता पाण्यात, धानाच्या बांधीत गवत-पेंढ्याचा ढीग रचून अंडी घालतो. क्रौंच कुळात याला अपवाद दोनच, आफ्रिकेतले तुरेवाले क्रौंच. त्यांचं मागचं बोट लांब असतं आणि ते झाडावर बसतात. हा अपवाद लक्षात ठेवा.

पुढे दोनशे वर्षं वर्गीकरण चाललं ते रंग, तुरे आणि हाडं पाहून. मग १९७० च्या दशकात जॉर्ज आर्चिबाल्ड या अभ्यासकाने आवाज ऐकायला सुरुवात केली. सारसाची जोडी सकाळी मान वर करून एकसुरात ओरडते, नराच्या एका हाकेला मादीच्या दोन, तेव्हा मैलभर ऐकू जातं. त्यामागे श्वासनलिकेची करामत आहे. ती छातीच्या हाडात शिरून तिथे वेटोळी घेते. तुरेवाल्यांत हे वेटोळं नसतंच. कुठल्या जातीची जोडी कशी ओरडते यावरून आर्चिबाल्डने नाती लावली. त्यात सायबेरियन क्रौंच आफ्रिकेतल्या गळ्याखाली लोळी असलेल्या क्रौंचाजवळ गेला.

आवाजाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून टाकतो. सारसाचा जोडीदार मेला की दुसरा अन्नपाणी सोडून जीव देतो, असं आपल्याकडे सांगतात. ते खरं नाही. मागे राहिलेला पक्षी दुसरी जोडी जमवतो. इतकंच नव्हे, तीन सारसांनी मिळून संसार केल्याचं आणि तिघांनी मिळून एकसुरात हाक दिल्याचं भारतीय संशोधकांनीच नोंदवून २०२२ मध्ये प्रसिद्ध केलं आहे. लग्नपत्रिकेवर सारसाची जोडी छापायला माझी हरकत नाही, पण त्या गोष्टीपायी खऱ्या पक्ष्याचं खरं वागणं पाहायचं राहून जाऊ नये.

आता माझ्या आवडीच्या भागाकडे येतो. आवाज आणि रूप फसवू शकतं, मग रक्ताचं नातं मोजायचं कसं? आज डीएनएची अक्षरं थेट वाचतात. पण १९८० च्या दशकात ते महाग आणि किचकट होतं, तेव्हा एक विलक्षण युक्ती वापरली जाई: डीएनए तापवून पाहायचा.

डीएनए म्हणजे एकमेकांत गुंतलेले दोन धागे. एकावर ‘ए’ असेल तिथे समोर ‘टी’, ‘जी’ असेल तिथे समोर ‘सी’. जॅकेटच्या चेनसारखं, दाताला दात. पाणी तापवत नेलं की ही चेन उघडते आणि धागे सुटे होतात. आमच्याकडे चंद्रपूरला मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो, तेवढ्याने काही होत नाही; प्रयोगात तो ६० अंशांच्या पुढे हळूहळू चढवतात. थंड केलं की धागे आपापला जोडीदार शोधून पुन्हा जुळतात.

समजा सारसाच्या डीएनएचे बारीक तुकडे केले, त्यांना किरणोत्सारी खूण लावली आणि त्यांचे धागे सुटे करून ते करकोच्याच्या सुट्या धाग्यांत मिसळले. करकोच्याचे धागे शेकडो पटींनी जास्त टाकायचे, म्हणजे खूण लावलेल्या धाग्याला सारसाचा जोडीदार मिळणं जवळपास अशक्य. मग तो करकोच्याच्या धाग्याशी जुळतो. तयार झाली मिश्र चेन, अर्धी सारसाची, अर्धी करकोच्याची. दोन्ही जातींत जिथे अक्षरं बदलली आहेत तिथे दात बसत नाहीत. जितके दात मोडके, तितकी चेन सैल. आणि सैल चेन कमी तापमानाला उघडते.

ती केव्हा उघडली हे कसं कळणार? त्यासाठी हायड्रॉक्सिॲपेटाइटची भुकटी भरलेली नळी घेतात. आपल्या हाडांत आणि दातांत असतं तेच हे कॅल्शियमचं खनिज. जोडलेला डीएनए त्याला धरून राहतो, सुटा धागा वाहून जातो. तापमान थोडं थोडं वाढवायचं आणि प्रत्येक पायरीला खूण लावलेले किती धागे वाहून आले ते मोजायचं. सारस-सारस चेन आणि सारस-करकोचा चेन यांच्या उघडण्याच्या तापमानातला फरक म्हणजे त्या दोघांमधलं अंतर. ढोबळ हिशोब असा की एक अंशाचा फरक म्हणजे साधारण शंभरात एक अक्षर वेगळं. लाखो वर्षांची ताटातूट थर्मामीटरवर वाचायची! हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला त्या रात्री झोप लागली नव्हती.

कॅरी क्रायेव्स्की या अभ्यासकांनी ही पद्धत क्रौंचांवर वापरून १९८९ मध्ये निष्कर्ष मांडले. पुढे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सायटोक्रोम-बी या एका जनुकाची अक्षरं वाचली (१९९४) आणि नंतर मायटोकाँड्रियाचा, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा, संपूर्ण डीएनए (२०१०). चित्र असं उभं राहिलं. सर्वांत आधी तुरेवाले दोन फुटून निघाले. झाडावर बसणारे, वेटोळं नसलेले तेच. त्यानंतर सायबेरियन क्रौंच एकटा वेगळा झाला, म्हणजे आवाजावरून लावलेलं आफ्रिकेचं नातं चुकलं. उरलेल्या बारांच्या दोन शाखा झाल्या. एका शाखेत सारस, ऑस्ट्रेलियातला ब्रोल्गा, मंगोलिया-ईशान्य चीनमधला पांढऱ्या मानेचा क्रौंच आणि उत्तर अमेरिकेतला सँडहिल. दुसऱ्या शाखेत बाकीचे आठ: आपला करकोचा, दक्षिण आफ्रिकेचा निळा क्रौंच, तो लोळीवाला, आणि लडाखच्या काळ्या मानेच्या क्रौंचापासून अमेरिकेच्या हूपिंग क्रेनपर्यंत पाच जण.

जुन्या याद्यांत सारस आणि साधा क्रौंच (‘कॉमन क्रेन’, वरच्या पाच जणांतला एक) एकाच ‘ग्रुस’ वंशात होते आणि करकोचा वेगळ्या वंशात. डीएनए सांगतो की साध्या क्रौंचाला करकोचा जवळचा, सारस लांबचा. म्हणून आता बऱ्याच याद्यांत सारस ‘अँटिगोनी’ वंशात गेला आणि करकोचा ‘ग्रुस’मध्ये आला. शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर हेच. एका तलावावर उतरले म्हणून सख्खे होत नाहीत. सारसाचा सख्खा ब्रोल्गा, तोही समुद्रापलीकडे.

सँडहिल हा ‘एक कोटी वर्षांपासून न बदललेला पक्षी’ असं इंटरनेटवर सर्रास वाचायला मिळतं. या समजामागे अमेरिकेतल्या नेब्रास्कात सापडलेलं एक जुनं हाड आहे, पण ते तुरेवाल्यांच्या नातलगाचं आहे. सँडहिलचे खात्रीचे जीवाश्म सुमारे २५ लाख वर्षांपलीकडे जात नाहीत. तेही काही थोडं नाही.

मायटोकाँड्रियाच्या डीएनएत मात्र एक फसगत आहे. तो फक्त आईकडून येतो. आपल्याकडे आडनाव बापाकडून येतं, तसं हे आईकडचं आडनाव. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उत्तरेला सारस आणि ब्रोल्गा एकत्र राहतात आणि त्यांचा संकरही होतो; तिकडे त्या पिल्लांना ‘सारोल्गा’ म्हणतात. मादी ब्रोल्गा आणि नर सारस असेल, आणि पुढच्या पिढ्या सारसांशीच जुळत गेल्या, तर दिसायला सारस पण मायटोकाँड्रियात ब्रोल्गा, असा पक्षी तयार होतो. म्हणून पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएच्या अनेक जागा तपासाव्या लागतात. तो आई-बाप दोघांकडून येतो आणि दर पिढीत पिसला जातो, त्यामुळे कुठला तुकडा कुणाचा हे संभाव्यतेनेच ठरवावं लागतं.

सारसाच्या उपजाती चार मानतात: भारतीय, आग्नेय आशियातली, ऑस्ट्रेलियातली आणि फिलिपिन्समधली. शेवटची नामशेष झाली. भारतीय सारस ओळखायचा तर लाल डोकं-मान आणि राखी अंग यांच्या मध्ये पांढरी पट्टी पाहायची. पूर्वेकडच्यांत ती नसते. मायटोकाँड्रियात या उपजातींमधला फरक फार थोडा निघतो, तरी त्या एकमेकींच्या जागी चालतील असं नाही. थायलंडच्या जंगलातून सारस संपला होता. तिथे बुरिराम प्रांतात २०११ पासून पिंजऱ्यात वाढवलेले सारस सोडले, ते पूर्वेकडच्या उपजातीचेच.

हे आमच्या कामाचं आहे. महाराष्ट्रातले सारस उरलेत ते गोंदिया, भंडारा, चंद्रपूर एवढ्याच पट्ट्यात. अलीकडच्या गणनांत गोंदियाचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला आहे. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला २०२१ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली. उत्तर प्रदेशात ते हजारांनी आहेत, तिथून आणून सोडा असं लोक सहज बोलून जातात. आधी विजेच्या तारा, बांधीतली कीटकनाशकं आणि बुजत चाललेले मामा (माजी मालगुजारी) तलाव यांचं बघावं, असं माझं मत आहे. नाहीतर आणलेलेही मरतील. आणि संख्या इतकी कमी झाली की नात्यातच जोड्या जमतात, तेव्हा आमच्या सारसांत किती वैविध्य उरलंय हे मोजायलाच हवं. त्यासाठी पक्षी पकडावा लागत नाही. गळून पडलेल्या पिसाच्या देठात आणि फुटलेल्या अंड्याच्या आतल्या पापुद्र्यात डीएनए मिळतो.

हे त्या शेतकऱ्याला सांगितलं होतं. संरक्षित पक्ष्याचं पीसही परस्पर उचलायचं नसतं, हेही सांगितलं होतं. पिलं उडून गेल्यावर त्याचा फोन आला, “सर, पाळीवर पीस पडलं हाय. हात नाही लावला, बाजूला तुराटी रोवून ठेवली. गार्डसाहेबाले घेऊन या.”