जपानमध्ये न आलेली तिसरी लाट

१९६६ साली जपानमध्ये आदल्या वर्षीपेक्षा साडेचार लाखांहून अधिक मुलं कमी जन्मली. युद्ध नव्हतं की साथ नव्हती. कारण पंचांगात होतं. साठ वर्षांनी एकदा येणारं ते ‘अग्नी-अश्व’ वर्ष, आणि त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या आयुष्यावर उठते, अशी समजूत. आपल्याकडे मुलीच्या पत्रिकेत मंगळ निघाला की आईवडिलांच्या पोटात गोळा येतो, त्यातलाच प्रकार. हजारो जोडप्यांनी वर्षभर थांबायचं ठरवलं. जन्मांचा आकडा १८ लाखांवरून १३.६ लाखांवर घसरला आणि पुढच्याच वर्षी १९ लाखांवर गेला.

१९६६ चा एकूण प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी किती मुलं होतील याचा अंदाज, १.५८ होता. लोकसंख्या टिकून राहायला तो २.१ च्या आसपास लागतो. १९८९ साली दर १.५७ वर आला, तेव्हा मात्र पंचांगाला दोष देण्याची सोय नव्हती. जपानमध्ये आजही तो ‘१.५७ चा धक्का’ म्हणून ओळखला जातो.

तरी एक आशा होती. युद्धानंतर, १९४७ ते ४९ या काळात, दरवर्षी २७ लाखांच्या घरात मुलं जन्मली होती. ती मोठी झाली आणि १९७१ ते ७४ मध्ये त्यांच्या मुलांची दुसरी लाट आली, वर्षाला सुमारे २० लाखांची. या दुसऱ्या लाटेतल्या मुली तिशीत पोहोचल्या, की दर कमी असला तरी आयाच संख्येनं जास्त, म्हणून २००० च्या आगेमागे तिसरी लाट येईल, असा हिशेब होता.

ती आलीच नाही. ही पिढी शिकून बाहेर पडत होती, नेमक्या त्याच काळात जपानची अर्थव्यवस्था कोसळली. तिथल्या मोठ्या कंपन्या शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांची निवड करतात आणि एप्रिलमध्ये सगळ्यांना एकदम रुजू करून घेतात. ही गाडी चुकली की पुढच्या वर्षी नव्या दमाची मुलं रांगेत असतात. अनेकांची उमेदीची वर्षं कंत्राटी, तुटपुंज्या पगाराच्या कामात गेली आणि लग्नं राहून गेली. जपानमध्ये लग्नाबाहेर जन्मणारी मुलं जेमतेम २ टक्के, त्यामुळे लग्न नाही तर मूलही नाही. पन्नाशीपर्यंत एकदाही लग्न न झालेले पुरुष १९८० साली ३ टक्क्यांहून कमी होते; २०२० साली २८ टक्के झाले.

लग्न होऊन बराच काळ लोटलेल्या जोडप्यांना मात्र आजही सरासरी दोनच्या जवळपास मुलं असतात. म्हणून ‘हल्लीच्या मुलींना मुलंच नकोत’ हे सरसकट बोलणं मला अन्यायाचं वाटतं. नोकरी करून घरातलं जवळजवळ सगळं कामही बाईनंच करायचं, ही अपेक्षा तिथे अजून पुरती गेलेली नाही. त्या अटीवर लग्नाला नकार देणारीला स्वार्थी कसं म्हणायचं? सरकारनं १९९४ पासून पाळणाघरं आणि रजा यांच्या योजना आणल्या. त्या हव्याच होत्या, पण त्यांचा उपयोग मुख्यतः ज्यांचा संसार आधीच उभा आहे त्यांना.

दुसऱ्या लाटेतली ही माणसं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. २०४० पर्यंत ती सगळी पासष्टीपुढे असतील, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांना ना जोडीदार असेल ना मूल. म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेचा भार एकट्या सुनेवर पडू नये म्हणून जपाननं २००० साली शुश्रूषा विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकाला त्याचा हप्ता भरावा लागतो. योजना उत्तम आहे. पण हप्त्यातून पैसा उभा राहतो, अंघोळ घालणारे आणि उठवून बसवणारे हात नाहीत. आजच दर दहा जपानी माणसांत जवळपास तिघं पासष्टीच्या पुढची आहेत.

२०२४ साली जपानी नागरिकांच्या घरी ६ लाख ८६ हजार मुलं जन्मली. प्रजनन दर १.१५. त्यात मुली साधारण साडेतीन लाखांच्या आत. उद्या सगळं सुधारलं आणि यातल्या प्रत्येक मुलीला दोन मुलं झाली, तरी तीस वर्षांनी जन्मांचा आकडा पावणेसात लाखांच्याच आसपास राहील. त्याच २०२४ साली मृत्यू झाले १६ लाख.